आपत्तीनंतर ख्रिश्चन मेडिकल मिशनवर नर्स म्हणून जायचंय? गोव्यातून सारखे येणारे प्रश्न

पाऊस जोर धरतो, कुठेतरी दरड नाहीतर पुराची बातमी येते आणि माझ्या व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात. केरळात वायनाडच्या दरडींच्या वेळी (३० जुलै २०२४) तर इतके आले की टाईप करून अंगठा दुखला. विचारणाऱ्या बहुतेक फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या मुली, कुणी बांबोळीला सरकारी कॉलेजात शिकलेल्या, कुणी प्रायव्हेटमध्ये नाईट करणाऱ्या, अधूनमधून एखादा ब्रदरपण (म्हणजे पुरुष नर्स). म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. मी स्वतः नर्स, घरी देव्हारा असलेली, आणि फादर-सिस्टर मंडळींबरोबर अशा कॅम्पवर काम केलेली. वाचताना एक धरून चाला, "जाऊ का?" असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, "कुणी बोलावलंय का?"

१. मेडिकल मिशन म्हणजे नक्की काय? चर्चवाले धर्मप्रचाराला जातात तेच का?

नाही, म्हणजे निदान तसं असायला नको. चर्चशी जोडलेल्या संस्थांची आरोग्याची कामं आपल्याकडे फार जुनी आहेत, आपल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांना "मिरजेला मिशनमध्ये नेलं होतं" ही गोष्ट ऐकायला मिळते, तेच हे मिशन. कॅथलिक बाजूला कॅरिटास इंडिया आहे (१९६२ पासून), कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया आहे, ती १९४३ साली मेरी ग्लोरी नावाच्या ऑस्ट्रेलियन नन-डॉक्टरनं गुंटूरला सुरू केली. प्रोटेस्टंट बाजूला ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया (१९०५), लहान लहान गावांत हॉस्पिटलं चालवणारी इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन (१९७०), मदतकार्यवाली एफिकॉर. परदेशी मोठ्यांत समॅरिटन्स पर्स, ज्यांनी फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कीच्या भूकंपानंतर अंताक्यात फील्ड हॉस्पिटल उभं केलं होतं.

या सगळ्यांची पद्धत एकसारखी नाही. कुणी तंबूत अख्खं हॉस्पिटल उभारतं, कुणी नुसता मोबाईल क्लिनिकचा टेम्पो घेऊन वाड्यावाड्यांवर फिरतं, कुणी स्वतःचं काही न उभारता तिथल्या पीएचसीला (सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला) माणसं आणि औषधं पुरवतं. मला विचाराल तर हा शेवटचा प्रकार सगळ्यात कामाचा, पण त्याचे फोटो चांगले येत नाहीत म्हणून तो कुणाला ठाऊक नसतो.

२. मी हिंदू आहे, मला घेतील का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. भारतातल्या बऱ्याच संस्था घेतात, त्यांच्या हॉस्पिटलांत रोज हिंदू, मुसलमान स्टाफ काम करतोच, त्यात नवल काही नाही. काही आंतरराष्ट्रीय इव्हँजेलिकल संस्था मात्र फॉर्मबरोबर आपल्या श्रद्धेच्या निवेदनावर सही मागतात, म्हणजे मी अमुक अमुक मानते असं लिहून द्यायचं. ते मानत नसाल तर सही करू नका. "काय होतंय, कागदच तर आहे" असं मला एकीनं म्हटलेलं. कागदच असेल पण तिथे तुम्ही दिवसरात्र त्याच माणसांबरोबर राहणार, एका तंबूत झोपणार, आणि पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी प्रेमानं विचारणार की तुझं चर्च कुठलं गो.

सकाळी कामाआधी प्रार्थना असते, दहा-पंधरा मिनिटं. शांत उभं राहायचं, नाहीतर त्या वेळात चहा ठेवायचा. चहा ठेवणारी कुणालाही आवडते.

३. तिथे पेशंटला धर्माबद्दल बोलायला लावतील का? लावलं तर?

१९९४ ची मदतकार्याची आचारसंहिता आहे, रेड क्रॉस आणि इतर मोठ्या संस्थांनी मिळून केलेली. त्यात सरळ म्हटलंय की मदत जात, धर्म, देश न बघता गरजेप्रमाणे द्यायची आणि कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक मतासाठी ती वापरायची नाही. आणि ही संहिता करणाऱ्यांत कॅरिटास इंटरनॅशनालिस होती, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होती, लुथरन वर्ल्ड फेडरेशन होतं, म्हणजे चर्चवाल्यांनी स्वतःच घालून घेतलेला नियम आहे हा. जायच्या आधी संस्थेला स्पष्ट विचारा की तुम्ही ही संहिता पाळता का. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरी बाजू कायद्याची. ओडिशा (१९६७ पासून), मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर प्रदेश अशा राज्यांत आमिष दाखवून धर्मांतर करण्याविरुद्ध कायदे आहेत. औषधाच्या पाकिटाबरोबर पत्रक सरकवलं तर उद्या कोण त्याला आमिष म्हणेल सांगता येत नाही आणि त्यात तुमचं रजिस्ट्रेशनही अडकेल. पत्रकं वाटायला सांगितली तर "मी नर्सिंगला आलेय" एवढंच म्हणायचं आणि टीम लीडरला कळवायचं.

पण समजा पेशंटनंच हात धरला आणि म्हणाली, सिस्टर माझ्यासाठी देवाकडे माग? मग मागा की. तिच्या देवाकडे, तुमच्या देवाकडे, जे तोंडात येईल ते. ते नर्सिंगच आहे.

४. कुठलं शिक्षण आणि किती अनुभव लागतो?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग, रजिस्ट्रेशन चालू असलेलं (गोवा नर्सिंग कौन्सिलचं रिन्यूअल राहिलं असेल तर आधी ते करा), आणि साधारण दोन वर्षं तरी वॉर्डातलं काम. एएनएमना पण घेतात, खासकरून लसीकरण आणि गरोदर बायकांच्या कामाला, आणि खरं सांगू, आपल्या सबसेंटरवरची एएनएम अशा ठिकाणी भल्याभल्यांना भारी पडते कारण तिला घरोघरी फिरायची, कमी सामानात निभवायची सवय असते. स्टुडंटना नाही. हट्ट करू नका.

कॅज्युअल्टी, लेबर रूम, कम्युनिटी हे अनुभव सगळ्यात उपयोगी. नुसतं आयसीयू केलेलं असेल तर सुरुवातीला हात बांधल्यासारखं वाटतं, मॉनिटर नाही, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) नाही, इन्फ्युजन पंप नाही, थेंब मोजत बसायचं. आयसीयूवालीचं सोनं होतं ते भूकंपात. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास पाय दबलेला माणूस बाहेर काढल्यावर बरा दिसतो आणि मग स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात येऊन अचानक हृदय बंद पडतं, म्हणून शक्य असेल तर काढायच्या आधीच सलाईन चालू करतात, त्यात पोटॅशियम असलेलं आरएल (रिंगर लॅक्टेट) नको, नॉर्मल सलाईन, आणि नंतर लघवीचा रंग कोलासारखा होतोय का बघत राहायचं. हे बघायची नजर तिच्याकडे तयार असते.

५. माझं रजिस्ट्रेशन गोव्याचं. केरळात, महाराष्ट्रात चालेल का?

नोकरी करायची तर त्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. थोड्या दिवसांच्या मदतकार्यात ही जबाबदारी संस्थेवर असते, तिनं जिल्हा प्रशासनाला आणि तिथल्या आरोग्य खात्याला कळवून, टीमची यादी देऊन परवानगी घेतलेली पाहिजे. ती घेतलीय का ते विचारा, कागदाचा फोटो मागा. परवानगीशिवाय आलेल्या टीमला आधी बाजूला बसवतात, आणि तेच बरोबर आहे. परदेशात तर त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाच्या परवानगीशिवाय सुईला हात लावायचा नाही.

६. तिथे नर्स नेमकं काय करते? टीव्हीवर दाखवतात तसं असतं का?

टीव्हीवर दाखवतात ते पहिले दोन-तीन दिवस. ढिगाऱ्यातून माणसं काढणं, ॲम्ब्युलन्सची धावपळ, हे सगळं तिथलेच लोक, एनडीआरएफ, लष्कर आणि तिथल्याच हॉस्पिटलचा स्टाफ करतो. तुम्ही पोचाल तेव्हा कॅम्प लागलेले असतात, शाळेच्या वर्गात चटया टाकून माणसं बसलेली असतात आणि तुमच्यासमोर पहिली येते ती सत्तरीची आजी, जिच्या बीपीच्या गोळ्या वाहून गेल्यात. कुठली गोळी आजी? पांढरी. छोटी. रोज सकाळी घेत होते. बस, एवढ्या माहितीवर तुम्ही कामाला लागायचं. बीपी, शुगर, थायरॉईड, फिट्सच्या गोळ्या, यातच अर्धा दिवस जातो. इन्सुलिनवाल्याचा फ्रीज गेलेला असतो, त्याला मातीच्या मडक्यात थंड ठेवायला शिकवायचं.

मग जखमा. पुराच्या पाण्यातली जखम दिसायला छोटी असली तरी शिवायची घाई करायची नाही. भरपूर स्वच्छ पाण्यानं किंवा सलाईननं धुवायची, मेलेला भाग डॉक्टर काढतो, ओलं ड्रेसिंग ठेवून उघडीच ठेवायची आणि तीन ते पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर मग शिवायची. २००४ च्या त्सुनामीनंतर घाईत शिवलेल्या जखमा पिकून परत उघडाव्या लागल्या होत्या. शिवाय टिटॅनसचं इंजेक्शन आणि रोजचं ड्रेसिंग, हे कंटाळवाणं काम आहे आणि यातच पाय वाचतात.

जुलाब. ओआरएस द्यायचं, लहान मुलाला झिंक १४ दिवस, आणि पाणी कुठून पितात ते स्वतः जाऊन बघायचं. स्फिअर नावाची मदतकार्याची जी मानकं आहेत त्यांत माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक संडास असं धरलंय. हे आकडे नर्सला पाठ हवेत कारण कॅम्पमध्ये संडास मोजणारं दुसरं कुणी नसतं. बायका रात्री अंधारात जायला नको म्हणून पाणीच कमी पितात आणि मग लघवीला जळजळ घेऊन तुमच्याकडे येतात, तेव्हा गोळी देऊन भागत नाही, संडासाशी दिवा लागेपर्यंत कुणाच्यातरी मागे लागावं लागतं.

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या पुरानंतर चिखल-पाण्यात काम करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिन २०० मिलीग्रॅम दिलं जायचं. गरोदर बायका आणि लहान मुलांचं वेगळं, ते डॉक्टर ठरवतो. ही गोळी पोटभर जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. गोळी वाटताना हे कुणीच सांगत नाही, तुम्ही सांगा.

बाळंतिणी. मदत म्हणून दूध पावडरचे डबे ढिगानं येतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला ते देऊ नका, घाण पाणी आणि बाटली मिळून बाळाला जुलाब होणार. आईला बसायला आडोसा द्या, खायला द्या.

आणि रजिस्टर. रोज संध्याकाळी ताप किती, जुलाब किती, पुरळ किती हा हिशोब तिथल्या आरोग्य खात्याला द्यायचा. साथ सुरू होतेय हे याच रजिस्टरात आधी दिसतं.

७. ट्राएज (कुणाला आधी बघायचं ते ठरवणं) मला जमेल का? भीती वाटते.

वाटायलाच हवी. आपल्या कॅज्युअल्टीत सगळ्यात सिरियस पेशंट आधी, आणि त्याच्यावर सगळी टीम तुटून पडते. एकदम ५० माणसं आली तर तसं चालत नाही, मग वाचण्यासारख्या माणसाला आधी. साधी पद्धत आहे, प्रत्येकाला रंगाची पट्टी बांधायची: जे चालू शकतात ते हिरवे, बाजूला बसवा. बाकीच्यांचा श्वास मिनिटाला ३० च्या वर आहे का, नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला २ सेकंदांहून जास्त लागतात का किंवा मनगटाची नाडी लागत नाही का, सांगितलेलं ऐकतो का, यातलं एक जरी बिघडलं तरी लाल, म्हणजे आधी तो. सगळं ठीक पण चालता येत नाही तो पिवळा. श्वास नाही, वायुमार्ग उघडूनही आला नाही तर काळा, आणि पुढच्याकडे जायचं. एका माणसाला अर्ध्या मिनिटाहून जास्त देत नाहीत.

काळी पट्टी बांधून पुढे जाणं हे प्रॅक्टिसनंच येतं. हॉस्पिटलात मॉक ड्रिल असलं की पळ काढू नका. रंग एकदा दिला की कायमचा नसतो, पुन्हा पुन्हा फिरून बघायचं. (प्रश्न ६ मध्ये म्हटलं तसं, बहुतेक मिशनवर याची वेळ येतच नाही.)

८. लसी कुठल्या घ्यायच्या?

हेपॅटायटिस बी (०, १ आणि ६ महिने, म्हणजे बातमी आल्यावर सुरू करून उपयोग नाही), टिटॅनस-डिप्थेरिया, टायफॉईड, हेपॅटायटिस ए. कुत्री खूप असलेल्या भागात जायचं तर रेबीजचं आधी घ्यायचं का ते विचारा. परदेशात जायचं तर त्या देशाप्रमाणे, आफ्रिकेत काही ठिकाणी यलो फिव्हरचं कार्ड लागतं.

हे फक्त तुमच्यासाठी नाही. हैतीत जानेवारी २०१० ला भूकंप झाला, आणि ऑक्टोबरमध्ये कॉलरा सुरू झाला, जो तिथे कित्येक पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. तो शांतिसैनिकांच्या तळाच्या सांडपाण्यातून नदीत गेला होता. हजारो माणसं गेली. मदतीला आलेला माणूसच रोग घेऊन येऊ शकतो, म्हणून पोट बिघडलं असेल तर त्या दिवशी कामाला नाही, स्वयंपाकाला तर मुळीच नाही.

९. बॅगेत काय भरू?

दहा किलोच्या वर नको. सुती सलवार-कमीज (पांढरा युनिफॉर्म चिखलात दोन तास टिकतो), गमबूट, डोक्याला लावायची टॉर्च, पॉवर बँक, स्वतःचा स्टेथो, सॅनिटरी पॅड भरपूर, ओडोमॉस, सुटे पैसे, रजिस्ट्रेशन आणि आधारच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत. स्वतःची औषधं पुरेशी. पेशंटसाठी औषधं मात्र गोळा करून नेऊ नका, शेजाऱ्यांनी दिलेल्या अर्ध्या स्ट्रिप्स, एक्स्पायरी उलटलेल्या सिरपच्या बाटल्या, तिकडे याचे डोंगर होतात आणि ते निवडायला चार माणसं अडकतात.

१०. पैसे मिळतात का? की आपल्यालाच भरायचे?

पगार नाही. राहणं-खाणं देशातल्या संस्था बघतात, प्रवासाचं आधी विचारा. परदेशी मिशनवर काही संस्था विमानाचं तिकीट देतात, काही तुम्हालाच काढायला लावतात. पण कुणी "रजिस्ट्रेशन फी", "डिपॉझिट" म्हणून जीपेवर पैसे मागत असेल, आणि सोबत मिशननंतर गल्फमध्ये नोकरी लावून देतो म्हणत असेल, तर फोन ठेवा. खरी संस्था आपली कागदपत्रं दाखवते, हिशोब देते.

११. याचा युके, आयर्लंडला जायला फायदा होतो का?

फारसा नाही. युकेला इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी (कॉम्प्युटरवरची परीक्षा), मग तिथे ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा), यातलं काहीही मिशनच्या सर्टिफिकेटनं माफ होत नाही. सीव्हीवर एक ओळ येईल. त्या एका ओळीसाठी जाऊ नका.

१२. सुट्टी कशी काढायची? मी सरकारीत आहे.

खात्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय नाही, परदेश असेल तर एनओसी वेगळी. आजारी रजा टाकून जाणं हा विचारच सोडा, पहिल्या ग्रुप फोटोत पकडल्या जाल. मेट्रनशी आधी बोला, पाऊस सुरू व्हायच्या आधी, की अशी वेळ आली तर मला सोडाल का. आणि तुमच्या जागी डबल ड्युटी करणार ती दुसरी मुलगी असते हे विसरू नका, वार्डात आधीच दोनच स्टाफ असतील तर न जाणं हेच बरोबर. कमीत कमी दोन आठवडे देता येत असतील तरच हो म्हणा, चार दिवसांसाठी येणाऱ्याला शिकवण्यातच तिथल्यांचा वेळ जातो.

१३. घरचे नको म्हणतात. आणि नेमकी चवथ (गणेशचतुर्थी) आली तर?

पूर ऑगस्टात येतात आणि चवथ त्याच सुमाराला, हा गोव्यातला कायमचा पेच. माझं मत विचाराल तर पहिली तुकडी सोडा आणि चवथ करून दुसऱ्या तुकडीत जा. खोटं वाटेल पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसांची गरज जास्त असते, कारण पहिल्या लाटेत आलेले सगळे परत गेलेले असतात, चॅनेलवाले गेलेले असतात, आणि ताप तेव्हाच वाढतो.

सासूबाईंची काळजी बहुतेक वेळा "परकी माणसं, त्यात पाद्री" अशी असते. त्यांना टीममधल्या नन सिस्टरशी फोनवर बोलू द्या. अर्ध्या घरांत प्रश्न तिथेच सुटतो, त्यातही ती सिस्टर बार्देशची किंवा सासष्टीची निघाली तर मग नारळाच्या भावापर्यंत गप्पा जातात.

१४. मी सोमवारी शिवराक (शाकाहारी) असते, नुस्तें (मासे) चालत नाही. जेवणाचं काय?

खिचडी, डाळभात, पाव, केळी. मासे बघायला मिळाले तर नशीब समजा.

१५. मल्याळम येत नाही, कसं होणार?

स्थानिक आशा कार्यकर्तीला चिकटून राहा, भाषाही तिची आणि गावही तिचं. "दुखतं का, कुठे, कधीपासून, गरोदर आहात का, ॲलर्जी आहे का" एवढी दहाएक वाक्यं लिहून घ्या. बाईची तपासणी असेल तर तिच्या मुलाला किंवा नवऱ्याला दुभाषा करू नका, पाळीचं, रक्तस्रावाचं, मारहाणीचं ती त्यांच्यासमोर सांगणार नाही. कोकणात, कोल्हापूर-सांगलीकडे भाषेची अडचणच नाही. जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तळियेत दरड आली, तिथे आपली मराठी आणि आपली कोकणी दोन्ही कामाला येतात.

१६. डॉक्टर जागेवर नसेल तर औषध देऊ का?

लेखी स्टँडिंग ऑर्डर असेल तेवढंच. म्हणजे पॅरासिटामॉल, ओआरएस, अमुक परिस्थितीत अमुक डोस, खाली डॉक्टरची सही. पहिल्या दिवशी ती मागून घ्या, नसेल तर बसून लिहून घ्या. "इथे सगळं चालतं" असं म्हणणारा कुणीतरी भेटतोच. इथे चालत नाही. जे गोव्यात करायला तुम्हाला परवानगी नाही ते तंबूत पण नाही, जीव जात असताना प्रथमोपचार करणं वेगळं. जे केलं ते वेळ घालून लिहून ठेवा.

१७. मृतदेहांमुळे रोगराई पसरते ना? तिथे जायला भीती वाटते.

भूकंप, पूर, दरडीत गेलेल्या माणसांच्या देहांमुळे साथ पसरत नाही, जागतिक आरोग्य संघटना हे वर्षानुवर्षं सांगतेय. ती माणसं रोगानं नाही, इजेनं किंवा बुडून गेलेली असतात. देह हाताळणाऱ्यानं ग्लोव्ज घालावेत, हात धुवावेत, पिण्याच्या पाण्यात देह असेल तर तो काढावा, एवढं पुरतं. कॉलरा किंवा इबोलासारख्या साथीत गेलेल्यांचं वेगळं, तिथे कडक नियम असतात.

हे सांगायचं कारण असं की भीतीपोटी घाईघाईनं एकत्र पुरणं-जाळणं होतं आणि मग घरच्यांना आपलं माणूस कधीच सापडत नाही, मृत्यूचा दाखला, भरपाई सगळं अडकतं. वायनाडला ओळख न पटलेल्यांना पुत्तुमलाला सर्वधर्म प्रार्थना करून पुरलं आणि प्रत्येकावर डीएनए नमुन्याचा नंबर ठेवला, म्हणजे नंतर जुळलं तर घरच्यांना जागा कळावी. देह धुताना, गुंडाळताना तुम्हाला बोलावलं तर त्यांच्या रीतीप्रमाणे काय हवं ते घरच्यांना विचारा.

१८. फोटो टाकले तर चालतील का?

पेशंटचे नाहीत. मुलांचे तर अजिबात नाहीत, चॉकलेट देतानाचे पण नाहीत. तुमच्या हॉस्पिटलच्या बेडवरचा पेशंट तुम्ही स्टेटसला टाकाल का? मग?

१९. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड आहे. जाता येईल?

खास गोव्याचा प्रश्न! ओसीआयवाल्या नर्सला भारतात नर्सिंग करायला परवानगी आहे, नोंदणी वगैरे नियम पाळून. पण मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे "मिशनरी" कामासाठी ओसीआयवाल्याला खास परवानगी लागते, आणि अरुणाचलसारख्या संरक्षित भागात जायला वेगळी. आता चर्चच्या बॅनरखाली ड्रेसिंग करणं मिशनरी काम झालं का? मला विचाराल तर नाही, पण माझ्या मतावर तुमचं कार्ड पणाला लावू नका. संस्थेकडून "फक्त वैद्यकीय मदत" असं स्पष्ट पत्र घ्या आणि एफआरआरओला (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कचेरीला) आधी लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. नुसता जन्म पोर्तुगालात नोंदवलाय, पासपोर्ट घेतलेला नाही, हा वेगळाच गुंता, त्याला वकील.

२०. आपल्या गोव्यातच काही झालं तर?

मग कुठे जायची गरज नाही, तुमच्या हॉस्पिटलला फोन करा, तुमची जागा तिथेच. मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा कोविड वॉर्ड भरलेले होते आणि वीज जात होती, त्याच वर्षी जुलैत म्हादईला पूर येऊन सत्तरी-डिचोलीत घरं पडली. नोकरी सोडलेल्या, घरी असलेल्या नर्सनी आत्ताच पंचायतीत, पीएचसीत आणि कॅरिटास गोवाकडे नाव देऊन ठेवावं. एनडीएमएच्या (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या) आपदा मित्र योजनेतलं ट्रेनिंग मिळालं तर सोडू नका.

२१. कुणीच बोलावलं नाही, पण राहवत नाही. तिकीट काढून सरळ गेले तर?

मडगावहून गाडीत बसलं की सकाळी केरळ, म्हणून हा मोह होतो, समजतं मला. नको. तुम्हाला झोपायला जागा लागेल, पाणी लागेल, कुणीतरी तुमची जबाबदारी घ्यावी लागेल आणि ती घेणारी तिथली नर्स असेल, जिचं स्वतःचं घर कदाचित चिखलाखाली आहे. त्यापेक्षा पैसे पाठवा, रक्त द्या, आणि पुढच्या वेळेसाठी एखाद्या संस्थेच्या यादीत नाव, लसी, कागद तयार ठेवा. बोलावणं आलं आणि गेलात की तिथल्या इन्चार्जच्या हाताखाली काम करायचं, तुमचा अनुभव तिच्या दुप्पट असला तरी.

२२. परत आल्यावर झोप लागत नाही, रडू येतं. हे नॉर्मल का?

पहिले काही आठवडे हो. त्याच टीममधल्या कुणाशी बोलत राहा, घरच्यांना सगळं समजेल अशी अपेक्षा नको. "सांग ना काय काय बघितलंस" म्हणून कुणी खोदत असेल तर नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला, लगेच सगळं ओकायला लावणं उलट त्रासाचं ठरतं. महिनाभरानंतरही झोप नसेल, कामात हात थरथरत असतील तर सायकियाट्रीला दाखवा, बांबोळीलाच आयपीएचबी (सरकारी मानसोपचार हॉस्पिटल) आहे, लाजायचं काही नाही. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी नाईटला उभं करू नका म्हणून इन्चार्जला आधीच सांगून ठेवा.

२३. आणि परत आल्यावर ताप आला तर?

घरी क्रोसिन घेऊन बसू नका. लेप्टोचा ताप पाण्यात गेल्यापासून साधारण एक-दोन आठवड्यांत येतो, कधी महिनाभरानंही, डॉक्सी घेतलेली असली तरी येऊ शकतो. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. आपल्याकडे पावसात ताप म्हटलं की आधी डेंग्यूची टेस्ट होते, ती निगेटिव्ह आली की "व्हायरल" म्हणून घरी पाठवतात. म्हणून केसपेपर काढतानाच सांगा की पुराच्या पाण्यात काम करून आलेय, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आणि ते लिहून घ्यायला लावा.